गाडीच्या निघालेल्या पट्ट्या आणि कव्हरं घरी बसवायची तर आधी त्यांची जागा बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जिंतूरहून रोज खेड्यातल्या शाळेवर जाता, संभाजीनगरहून सात वर्षं जुनी छोटी गाडी घेतली आणि घरी आणून नीट धुतल्यावर एकेक गोष्ट दिसायला लागली. छतावरची डावी पट्टी नाही. मागच्या डाव्या दरवाजाची बीडिंग, म्हणजे बाहेरून टेपने चिकटवलेली आडवी पट्टी, नाही. पुढच्या बंपरमधलं उजव्या फॉग लॅम्पचं कव्हर गायब, मागच्या बंपरमधलं टोइंगच्या, म्हणजे गाडी ओढून न्यायच्या हुकावरचं चौकोनी झाकण गायब. पुढच्या डाव्या चाकावरचं काळं प्लास्टिक लोंबतंय आणि खड्ड्यात टायरला घासतंय. गॅरेजवाल्याने दोन दिवस गाडी सोडा म्हटलं. तुम्ही विचारता, हातात कधी पाना धरलेला नाही, तरी हे घरी जमेल का आणि सुरुवात कुठून करू?

जमेल. मी चोवीस वर्षं परभणीत गाड्यांच्या बॉडीचंच काम करतो. तुम्ही सांगितलेल्या पाचपैकी एकाही कामाला यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि गॅरेजमध्ये नेमका तोच कुणाकडे नसतो.

सुरुवात मात्र छतापासून करू नका. आधी चाकावरचं ते लोंबणारं प्लास्टिक. बाकीचं सगळं दिसण्याचं आहे, हे धोक्याचं आहे. वेगात असताना ते टायरखाली ओढलं गेलं तर सोबत बंपरची कड आणि फॉग लॅम्पची वायरही घेऊन जातं. सामान येईपर्यंत ते केबल टायने वर बांधून ठेवा. हे आजच करा, पुढचं वाचायच्या आधी केलं तरी चालेल.

आता काहीही विकत घ्यायच्या आधीचं काम सांगतो. एका सकाळी टॉर्च घेऊन गाडीपाशी बसा आणि जिथे जिथे तुकडा नाही ती रिकामी जागा बघा. बहुतेक लोक उलटं करतात. आधी पार्ट मागवतात, तो आला की दाबतात, बसला नाही की फेविक्विक लावतात आणि महिन्याभरात तो पुन्हा रस्त्यावर पडतो. कारखान्यातून बसवून आलेली पट्टी उगाच निघत नाही. कुणीतरी घासली, प्रेशर वॉशरच्या पाण्याने उचकटली, मागे कधीतरी डेंटिंगवाल्याने काढली आणि लॉक तुटलेलं असताना तशीच टेकवून दिली, यातलं काहीतरी झालेलं असतं. ते का निघालं हे त्या रिकाम्या जागेवर लिहिलेलं असतं.

तुमच्या फॉग लॅम्पच्या भोकात बोट घाला. कव्हरला मागच्या बाजूने प्लास्टिकच्या जिभा असतात, त्या बंपरमधल्या चौकोनी खाचांत जाऊन टक्कन बसतात. त्या खाचेत जुन्या जिभेचा तुटका तुकडा अडकलेला दिसला तर तुमचं नशीब चांगलं आहे. म्हणजे कव्हर तुटलं पण बंपर शाबूत आहे. तुकडा चिमट्याने काढा, नवं कव्हर बोटाने बसेल. खाचेचीच कड फाटलेली असेल तर मात्र नवं कव्हर घेऊन काही होणार नाही, आधी ती कड दुरुस्त व्हायला हवी. दरवाजावर जुन्या टेपचा करडा फोम उरलाय का, की जागा गुळगुळीत आहे आणि रंग किंचित वेगळा दिसतो? गुळगुळीत असेल तर तो दरवाजा कधीतरी रंगवलेला आहे आणि रंगाऱ्याने बीडिंग परत लावलीच नाही. याचा पुढे फरक पडतो, सांगतो.

सामान मागवताना गोंधळ होतो तो डाव्या-उजव्याचा. गाडीची बाजू नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघत ठरवतात, गाडीच्या पुढ्यात उभं राहून नाही. आपल्याकडे स्टीअरिंगची बाजू म्हणजे उजवी. दुसरं, गाडीचं नाव आणि साल सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलचा बंपर मध्येच बदलतो. आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर द्या. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणून गोल दिसलं की शून्य आणि उभी रेघ दिसली की एक, असं बिनधास्त वाचा. आणि काउंटरवरचा माणूस जे नाव म्हणतो तेच म्हणा: चाकावरच्या प्लास्टिकला फेंडर लायनिंग, दरवाजाच्या पट्टीला साइड मोल्डिंग, छतावरचीला रूफ मोल्डिंग. बीडिंग म्हटलं की दुकानदार दरवाजाच्या कडेला लावायचं मीटरवर मिळणारं क्रोमचं रबर काढून देतो.

क्लिपा पट्टीसोबत येतीलच असं नाही, त्यांचा नंबर वेगळा असतो. जितक्या लागतात त्याच्या दीडपट घ्या. भंगारातला माल मी वाईट म्हणत नाही. आपल्याच रंगाचं झाकण किंवा कव्हर जुन्या गाडीवरून मिळालं तर रंगकामाचा खर्च वाचतो. फक्त त्याच्या जिभा शाबूत आहेत का ते हाताने तपासून घ्या. क्लिप मात्र जुनी कधीच वापरू नका. ती नायलॉनची असते, एकदा भोकातून ओढून काढली की तिचे दाते झिजतात आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ती इतकी वाळते की वाकवली की काडीसारखी मोडते. नव्या क्लिपाही एप्रिल-मेमध्ये बसवायच्या आधी अर्धा तास कोमट पाण्यात टाकून ठेवतो मी. नायलॉन पाणी शोषतं, त्याने ते थोडं नरम आणि चिवट होतं, दाबताना फुटत नाही.

हत्यारं फार नकोत. प्लास्टिकच्या पट्ट्या उचकटायचा नायलॉनचा पंजा, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, १० नंबरचा पाना, मास्किंग टेप, शिवणाची मापाची पट्टी, दात घासायचे दोन जुने ब्रश. चपटा स्क्रू ड्रायव्हर रंगाला टेकवायची वेळ आलीच तर खाली मास्किंग टेपचे दोन थर द्या. आणि मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल. सर्जिकल स्पिरिट आणू नका, त्यात एरंडेल तेल घातलेलं असू शकतं. सॅनिटायझरच्या जेलमध्ये ग्लिसरीन असतं. दोन्हीने पत्र्यावर न दिसणारा तेलाचा पापुद्रा राहतो. अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळायचं, पण ते बोअरचं नको, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. आपल्या बोअरच्या पाण्याने गाडीवर पांढरे डाग राहतात, ते क्षार असतात. त्या क्षारावर टेप लावला तर तो क्षाराला चिकटतो, गाडीला नाही. थिनर तर घरात आणूच नका. डेंटिंगवाल्याकडचा रंग त्याने क्षणात उचलतो.

आता लायनिंग. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गिअरमध्ये. जॅक लावायची गरज नाही आणि नवख्या माणसाने जॅकवरच्या गाडीखाली हात घालूही नये. डाव्या चाकाच्या मागचा भाग बघायला स्टीअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा, पुढचा बघायला पूर्ण उजवीकडे, हात जाईल एवढी फट होते. आत बघाल तर लायनिंग आणि फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याच्या मध्ये आपली काळी माती ठासून भरलेली असेल. शेताच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीत तसराळंभर तरी माती निघते. ती निघाल्याशिवाय लायनिंग जागेवर येणारच नाही. क्लिपा मुळात याच वजनाने तुटल्यात. शिवाय ती माती पावसाळाभर ओली राहते आणि पत्रा आतून गंजवते. पाण्याच्या साध्या धारेने भिजवा, अर्धा तास थांबा, ब्रशने आणि बोटाने काढा. प्रेशरने मारू नका, चिखल आणखी आत जातो.

राहिलेल्या क्लिपा बघा. बहुतेक दोन तुकड्यांची बटणक्लिप असते: बाहेर चपटं गोल बूड आणि त्याच्या मधोमध खिळा. काढताना फक्त मधला खिळा चपट्या टोकाने तीन-चार मिलिमीटर वर उचलायचा, की बूड आपोआप ढिलं होऊन बाहेर येतं. बसवताना खिळा वर ठेवूनच बूड भोकात घालायचं आणि शेवटी खिळा दाबून सपाट करायचा. नवखी माणसं खिळा आधीच दाबून मग क्लिप ठोकतात, त्याने क्लिपही जाते आणि भोकही फाटतं. काही गाड्यांत उलटी तऱ्हा असते, मधलं टिकलीसारखं टोक आत ढकललं की क्लिप सुटते. तेव्हा आधी एक बटण हातात घेऊन दोनदा उघड-बंद करून बघा, मग गाडीला लावा. सगळ्या क्लिपा नुसत्या अडकवून घ्या आणि लायनिंग सगळीकडून बसलंय हे बघूनच खिळे दाबा.

लायनिंगचं भोक मोठं झालं असेल तर रुंद बुडाची क्लिप मिळते. तिथे पत्र्याचा स्क्रू मारायचा मोह होतो, तो आवरा. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गाडीला घाईघाईत असाच लांब स्क्रू मारला. लायनिंगच्या मागे काचेवर पाणी मारायची टाकी आहे हे बघितलं नाही. स्क्रू सरळ टाकीत गेला. गिऱ्हाईक पावसाळी चिखलात सेलूच्या रस्त्याला होतं, ट्रॅक्टरच्या मागे, काच चिखलाने भरली आणि पाणी एक थेंब नाही. संध्याकाळी तो माणूस आला आणि शांतपणे एवढंच म्हणाला, "भाऊ, मला समोरचं काहीच दिसेना झालं होतं." त्या दिवसापासून कुठल्याही प्लास्टिकमागे काय आहे हे बघितल्याशिवाय मी त्यात काहीही टोचत नाही.

टोइंगचं झाकण पाच मिनिटांचं काम आहे. एका बाजूला हुकासारखी कड असते ती आधी आत अडकवायची, मग दुसरी बाजू दाबायची, टक्क आवाज येतो. झाकणाला आतून दोरीसारखी पट्टी असेल तर ती बंपरच्या भोकात ओवा. नसेल तर नायलॉनच्या दोऱ्याने बांधून टाका, म्हणजे पुन्हा उडालं तरी लोंबत राहील, हरवणार नाही. फॉग लॅम्पच्या कव्हरचंही तसंच. सगळ्या जिभा खाचांसमोर आल्यात हे बाजूने डोळा लावून बघा आणि तळहाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे दाबत जा. बुक्की मारावी लागली तर काहीतरी चुकलंय, काढून परत बघा. थंडीत, आपला पारा दहाच्या खाली जातो त्या दिवसांत, कव्हर आधी पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा.

बंपरचीच खाच फाटलेली असेल तर काय? तुकड्याच्या पाठीमागे ठसा असतो, कंसात पीपी किंवा एबीएस अशी इंग्रजी अक्षरं. बंपर जवळजवळ नेहमी पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा असतो. या प्लास्टिकला फेविक्विक धरत नाही, अ‍ॅराल्डाइट धरत नाही. वाळल्यावर भक्कम वाटतं आणि पहिल्या उन्हात पापुद्र्यासारखं सुटतं. हे वितळवूनच जोडावं लागतं, त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी घेऊन. एवढं एक काम चांगल्या प्लास्टिक वेल्डिंगवाल्याला द्या. बंपर न उतरवता करून देणारे असतात.

आता ज्यासाठी मन लावून बसायचं ते काम, दरवाजाची बीडिंग. ही टेपवर बसते आणि टेपवरचं काम सगळ्यात सोपं दिसतं, म्हणून सगळ्यात जास्त बिघडतं.

आधी वेळ. चांगल्या कंपन्यांच्या टेपवर चिकटवताना २१ ते ३८ अंश तापमान असावं असं सांगितलेलं असतं. हे हवेचं नाही, पत्र्याचं तापमान. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवाच ४२ च्या वर असते, उन्हातल्या काळ्या दरवाजाला हात लावून तीन सेकंद ठेवता येत नाही. उन्हाळ्यात सकाळी सात-आठला, रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीवर काम करा. डिसेंबर-जानेवारीत उलट, दुपारी बारानंतर. मी एकदा लग्नसराईत भर दुपारी एकाच्या गाडीला चारही पट्ट्या लावून दिल्या. रविवारी तो नांदेडला निघाला आणि मला वसमतहून फोन आला, एका पट्टीचं टोक निघून वाऱ्याने फडफडत होतं. कारण साधं आहे. प्लास्टिक उन्हाने पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त लांबतं. ७० सेंटिमीटरची पट्टी ४० अंश थंड झाली की साधारण दोन मिलिमीटर आखडते, खालचा पत्रा अर्धा मिलिमीटरही आखडत नाही. गरम असताना लावलेली पट्टी रात्रभर स्वतःला आत ओढत राहते आणि टेप अजून कच्चा असतो, तो टोकांना सुटतो.

जुना टेप उरला असेल तर हेअर ड्रायरने कोमट करा आणि अंगठ्याने घोळवत काढा, पुसून काढलेल्या खोडरबरासारख्या वळ्या होतात. नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका. चिकटा राहिलाच तर थोडं रॉकेल फडक्यावर घेऊन पुसा, मग साबणाच्या पाण्याने, मग अल्कोहोल-पाण्याने. शेवटचं पुसायला जुन्या सुती धोतराचा धुतलेला तुकडा उत्तम. एका हाताने ओलं फडकं फिरवा, वाळायच्या आत दुसऱ्या हाताने कोरडं. नुसतं वाळू दिलं तर मळ तिथेच बसतो. आणि त्या आठवड्यात गाडीला डॅशबोर्ड किंवा टायर चमकवायचं पॉलिश लावू नका. त्यातल्या सिलिकॉनचा एक शिंतोडाही टेपला पुरतो.

दरवाजा रंगवलेला असल्याची शंका मी वर काढली होती. तिथे मास्किंग टेपचा तुकडा दाबून झटक्याने ओढा. सोबत रंगाचा कणही आला तर थांबा. टेप कितीही चांगला घेतला तरी तो रंगाला धरतो, आणि रंगानेच पत्रा सोडला तर पट्टी रंगासकट खाली येईल. आधी रंगाचं काम. नुकताच रंग मारला असेल तर रंगाऱ्याला विचारून दोन-चार आठवडे जाऊ द्या, नवा रंग आतून वाळत असतो.

माप उजव्या मागच्या दरवाजावरून घ्या, तिथे बीडिंग आहे. दरवाजाच्या खालच्या कडेपासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत शिवणाच्या पट्टीने मोजा, पण दोन जागी, पुढच्या टोकाला आणि मागच्या टोकाला. ही दोन मापं बऱ्याचदा वेगळी असतात, कारण पट्टी मागे जरा चढलेली असते. टोकापासून दरवाजाच्या कडेपर्यंतचं अंतरही लिहून घ्या. डाव्या दरवाजावर त्या मापाने मास्किंग टेपची सरळ ओळ मारा आणि पाच पावलं मागे जाऊन बघा. पुढच्या दरवाजाच्या पट्टीशी रांग जुळली पाहिजे. जवळून नेहमी सरळच दिसतं, लांबून खरं कळतं.

पट्टीच्या टेपवर लाल किंवा हिरवा कागद असतो. तो सगळा एकदम काढू नका, हा टेप एकदा टेकला की सरकत नाही. दोन्ही टोकांना पाच सेंटिमीटर कागद सोलून बाहेरच्या बाजूला दुमडा, शेपट्या बाहेर लोंबू द्या. पट्टी ओळीवर धरा, जुळली की दोन्ही टोकं हलकी टेकवा, मग एक हात पट्टीवर ठेवून दुसऱ्याने शेपटी हळूहळू ओढत कागद काढा. त्यानंतर दाबायचं, आणि इथेच लोक कमी पडतात. टेप वेळेने चिकटतो तितकाच दाबाने चिकटतो. अंगठ्यामागे अंगठा ठेवत, दर इंचाला चांगला जोर देत पूर्ण पट्टी दोनदा दाबा, टोकांना तीनदा. सामान्य तापमानाला वीस मिनिटांत निम्मी पकड येते, एका दिवसात नव्वद टक्के आणि तीन दिवसांत पूर्ण. तोवर धुणं नाही, आणि टोकं बोटाने उचलून बघणंही नाही. नेमकं तेच करायचा मोह होतो.

टेप सुटा घ्यायची वेळ आली तर गाडीसाठीचा करडा किंवा काळा अ‍ॅक्रेलिक फोमचा घ्या. स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा जाड फोम भिंतीवर कॅलेंडर लावायला ठीक, तो आपल्या उन्हात पिवळा पडून भुसा होतो.

राहिली छताची पट्टी. ही नसल्याने गाडी फक्त ओकीबोकी दिसते असं वाटतं, पण त्या खाचेत छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या सांध्यावर सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, भरलेला असतो. पट्टी नसली की सीलरवर थेट ऊन पडतं, काही वर्षांत त्याला भेगा जातात आणि पावसाचं पाणी सांध्यात उतरतं. तुमच्या गाडीत पावसाळ्यात डाव्या बाजूची छताची कापडी आतली कड ओली होत असेल तर इथूनच. खाच ब्रशने कोरडी साफ करा, मग ओल्या फडक्याने, आणि टॉर्च आडवा धरून बघा. केसाएवढी भेग असेल तर गाडीसाठीचा पॉलीयुरेथेन सीलर पातळ ओढून बोटाने सपाट करा आणि डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या. गंजाचा तपकिरी डाग असेल तर आधी तो घासून प्राइमर आणि टचअप रंग. बाथरूमला भरतात ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे कधीच नको. वाळताना त्यातून आम्ल सुटतं, ते उघड्या पत्र्याला गंजवतं, आणि त्यावर पुढे रंग धरत नाही.

पट्टी बसवताना आधी क्लिपा त्यांच्या जागी आहेत का ते मोजा, उजव्या बाजूच्या जागांशी ताडून. पट्टी पुढच्या, काचेकडच्या टोकापासून बसवत मागे या. ओढून ताणत बसवू नका. रबर ताणून लावलं की महिन्याभरात ते मूळ लांबीवर येतं आणि मागे बोटभर खाच उघडी पडते. उलट हाताने थोडं पुढे लोटत, दाटीने बसवा. टोकं सीलरने बंद करू नका, खाचेत गेलेलं पाणी तिथूनच वाहून जायला हवं.

दोन-तीन ठिकाणी मात्र हात घालू नका. आतल्या बाजूने पुढच्या काचेशेजारच्या खांबाचं प्लास्टिक उचकटू नका. पडदा एअरबॅग (अपघातात खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत ती त्याच्यामागून जाते आणि तिथल्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात. पुढच्या बंपरला हात लावताना नंबर प्लेटच्या लॉकशी झटापट नको, ते लॉक परत न उघडण्यासाठीच बनवलेलं असतं आणि तुटलं की नव्या प्लेटचा फेरा आला. काचेला गमने चिकटवलेल्या पट्ट्याही काचवाल्याच्याच.

तुम्हाला रविवार मोकळा मिळेल असं धरून चालतो. पहिल्या रविवारी माती काढणं, क्लिपा आणि दोन्ही झाकणं. बीडिंग शनिवारी सकाळी लावा, म्हणजे सोमवारी शाळेच्या रस्त्याला लागेपर्यंत दोन दिवस मिळतात. त्या सोमवारी शाळेत पोचल्यावर गाडीभोवती एक फेरी मारा आणि डाव्या चाकामागे वाकून लायनिंगची खालची कड हाताने हलवा. हलली नाही तर क्लिप बसली आहे. हलली तर कुठली ते खिळ्यावर बोट फिरवून शोधा, एखादा खिळा अर्धाच दाबला गेलेला असतो. आणि फॉग लॅम्पच्या खाचेची कड फाटलेली निघाली तर नवं कव्हर मागवायच्या आधी तिचा जवळून फोटो मला पाठवा, शेजारी मापाची पट्टी धरून.